वाढप्यानं शेवटी बसायचं

सरांच्या ओटीवर एक मानपत्र टांगलेलं आहे. निळी चौकट, वर गणपती, खाली सरपंचांची आणि ग्रामसेवकाची सही, आणि मधे वळणदार अक्षरात दहा-बारा ओळी. 'कोरोनाच्या भीषण संकटात गावातल्या शेवटच्या माणसाला लस मिळेपर्यंत जे स्वतः मागे थांबले, अशा त्यागमूर्ती...' वगैरे वगैरे. ते अक्षर माझं आहे आणि मजकूरही माझाच. प्राथमिक शिक्षकाचं अक्षर जरा बरं असलं की गावातली मानपत्रं, लग्नपत्रिका आणि यात्रेचे फलक त्याच्या नशिबी येतात. मानपत्रात थोडं खोटं लिहावंच लागतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण तीन शब्द सोडले तर या मानपत्रातलं एकूण एक वाक्य खरं आहे, आणि सगळं मिळून धादांत खोटं आहे. ते कसं, ते सांगतो.

सरांनी मला हायस्कुलात पी.टी. शिकवली. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथं छाती पुढे काढून चालणारी जी माणसं दिसतात ती सगळी सरांनी बडवून काढलेली आहेत. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी. सर निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. सकाळी एसटी मागं घेताना ड्रायव्हरला शिट्टी, रस्त्यात बसलेल्या म्हशीला शिट्टी, पारावर पत्ते खेळणाऱ्यांना शिट्टी. म्हैस उठत नसे, पण पत्तेवाले उठत, कारण ते सरांचे विद्यार्थी होते. रांगेत बोलायचं नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य आणि बहुतेक वेळा शेवटचंही.

पण सरांचं खरं राज्य पंगतीत. गावात लग्न असो, भंडारा असो, वर्षश्राद्ध असो, वाढप्यांचे म्होरके सरच. पहिल्या शिट्टीला बसायचं, दुसरीला वाढप सुरू, तिसरीला उठायचं. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत एकानंही उठायचं नाही. पहिली पंगत पाहुण्यांची, मग म्हातारी माणसं, मग बापे, मग बाया आणि सगळ्यांत शेवटी वाढपी. "वाढप्यानं शेवटी बसायचं," हे ते इतक्या वेळा म्हणत की नवरदेवालाही पाठ झालं असेल. चार वाजता, पाहुणे पांगल्यावर, सर थंड भात आणि तळाची आमटी घेऊन बसत आणि येणाजाणाऱ्याला दिसतील असे बसत. लोक हळहळत.

आमच्या आचाऱ्याला मात्र हळहळ नसे. तो म्हणायचा, "सर पंगतीआधी चव बघाया येत्यात. तवा बुंदीचं ताट झाकून ठिवावं लागतं." बाराच्या सुमाराला कढईमागं उभ्यानं दोन वाट्या आमटी, भात आणि मूठभर बुंदी, एवढी चव बघितल्यावर चार वाजेपर्यंत त्याग करायला काहीच जड जात नाही.

जड जायचं ते काकूंना. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बारीक अंगाच्या, दम्याच्या जुन्या पेशंट. चालताना मधेच कुणाच्या तरी ओट्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, ओटा बघतेय. नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. घरी सर दुपारी तीनला आले तर त्यांचं जेवण साडेतीनला, आणि भंडाऱ्यात सर चारला बसले तर त्यांचं पाचला. चव बघण्याची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, किंवा असेलही. त्यांनी ती कधी काढली नाही एवढं खरं.

आता सुईचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. मी आठवीत असताना शाळेत धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला माणसं आली. सरांनी आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, रडणाऱ्या दोघांना कान धरून पुढं ढकललं आणि मास्तर लोकांची पाळी आली तेव्हा मैदान आखायला निघून गेले. पाऊस पडत होता. पावसात फक्कीनं मैदान आखणारा माणूस मी तेवढा एकच बघितला.

आणखी एकदा त्यांना नसरापूरच्या बाजारात कुत्रं चावलं. दवाखान्यात गेलं की सुया, म्हणून त्यांनी तेच कुत्रं दोरी बांधून टेम्पोतून घरी आणलं. कुत्रं दहा दिवस जगलं तर आपल्याला काही होत नाही, असं त्यांचं शास्त्र. दहा दिवस त्याला दूधभाकरी घातली, सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. कुत्र्याला तो पाहुणचार इतका मानवला की ते परत गेलंच नाही. अजून तिथंच असतं. अशा वेळी दवाखाना गाठायचा असतो हे मी वर्गात मुलांना शिकवतो. सरांना शिकवलं नाही.

तर कोरोना आला. पहिल्या वर्षी सरांना जसा काही दुसरा जन्म मिळाला. वेशीवर बाभळीची फांदी आडवी टाकून ते खुर्चीत बसले. पुण्याहून जावई आले तर त्यांनाही आत घेतलं नाही. जावई म्हणाले, सासूबाईंची दम्याची औषधं आणलीत. सरांनी ती पिशवी लांब काठीनं ओढून घेतली, तांब्याभर पाणी दगडावर ठेवलं आणि ते पिऊन झाल्यावर जावयांना शिट्टी वाजवून वळवलं. लेक गाडीत बसून रडत होती म्हणे. गावात सरांचं फार कौतुक झालं.

गावाचं तरी एक मत कुठं होतं? कुणी कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळत होतं, कुणी म्हणत होतं हा सगळा पुण्यामुंबईचा रोग. आमच्या शेजारचे पैलवान सांगायचे, "आमी नाचणी खाणारी मानसं. आमाला काय व्हतंय?" तपासणीची गाडी आली की सगळ्यांना शेतावरची कामं आठवत. नाकात काडी घालायची भीती नव्हती, भीती निकालाची होती. पॉझिटिव्ह निघालेल्याच्या घरचं दूध डेअरीत कुणी घ्यायला तयार नसे. त्यामुळं ज्याला ताप येई त्याला टायफॉईड होई. खोकला आला तर उन्हाचा, अंग दुखलं तर खताची पोती उचलल्याचं. मी घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजायच्या ड्युटीवर होतो. माझ्या वहीत गाव ठणठणीत होतं.

लस आली तेव्हा तर बोलायची सोय नव्हती. दोन वर्षांत माणूस जातो अशी आवई उठली. उपकेंद्रातल्या सिस्टर भोरहून एसटीनं येत. तिखट तोंडाच्या, पण त्याही थकल्या. शेवटी सरांनी मोहीम हातात घेतली आणि इथं मला त्यांचं श्रेय दिलंच पाहिजे. ते घरोघर गेले. म्हाताऱ्यांना दटावलं, सुनांना समजावलं. पैलवानांना म्हणाले, दोन वर्षांनी मेलास तर माझ्याकडं तक्रार घेऊन ये. पैलवान सरांचेच विद्यार्थी, ते आले. सर नसते तर त्या दिवशी शाळेत सिस्टर, मी आणि ते कुत्रं, एवढेच असतो.

शाळेच्या व्हरांड्यात सरांनी सतरंज्या टाकल्या आणि माणसं पंगतीसारखी बसवली. आधी म्हातारे, मग बापे, मग बाया. शिट्टी वाजली की एक ओळ आत. सिस्टर म्हणाल्या, सर, तुम्ही साठीच्या वरचे, तुम्ही पहिले बसा म्हणजे लोकांचा धीर वाढेल. सर हसले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर, वाढप्यानं शेवटी बसायचं."

टाळ्या पडल्या. काकू बायांच्या ओळीत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. सिस्टरनी नाव पुकारलं. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या आदी कसं घेऊ? ह्यांचं झालं की घेते." मागच्या बाईनं त्यांची जागा घेतली. सगळ्या बायांचं होण्याआधीच लस संपली. सरांनी मोठ्या मनानं शिट्टी वाजवून पंगत उठवली.

मी नोंदणीच्या टेबलावर होतो. यादीत दोघांची नावं एकाखाली एक होती आणि दोन्ही रकाने कोरे होते. काकूंचा दमा मला माहीत होता, सरांचं मैदान मला माहीत होतं. मी त्या वेळी उठून म्हणायला हवं होतं की सर, बसा. नाही म्हटलं. रांगेत बोलायची सवयच नव्हती.

पुढच्या खेपेला महिन्याभरानं लस आली आणि तिच्या पाठोपाठ पुण्याच्या गाड्या आल्या. शहरात मिळेना म्हणून मोबाईलवर आमच्या गावात नंबर लावून पोरंपोरी आली होती. गॉगल, पाण्याच्या बाटल्या, एकीच्या कडेवर छोटा कुत्रा. गावातले लोक खवळले, आमच्या वाटणीची लस ह्यांना का म्हणून. पण सरांनी शिट्टी मारली. पाहुणे आधी, हा पंगतीचा कायदा आहे म्हणाले. पुण्याच्या पोरांनी लस घेतली, व्हरांड्यात फोटो काढले, सरांसोबतही काढले आणि गडावर जाणारा रस्ता विचारून गेली. गावाला जे उरलं ते दोन ओळींत आटोपलं. वाढपी पुन्हा राहिले. काकू पुन्हा भिंतीपाशी.

दहा-बारा दिवसांनी काकूंना खोकला सुरू झाला. सर म्हणाले दमा आहे. ओव्याची धुरी दिली, आल्याचा काढा दिला. गावात सगळ्यांना सुई घ्यायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात तपासणीचा शब्द काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवर फिरत गेलो तर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि तीन शब्द बोलून थांबत होत्या. मी बोटाला मशिन लावलं. शहाऐंशी.

"मशिन बिघडलंय तुझं," सर म्हणाले. ते काढून त्यांनी स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. माझ्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. पुन्हा काकूंच्या बोटाला. पंच्याऐंशी. मग पुन्हा स्वतःच्या. चार वेळा ते त्यांनी फिरवलं, आणि काकू आपलं बोट पुढं करत राहिल्या, जणू सरांना बरं वाटावं म्हणून. मला त्या क्षणी सरांचा इतका राग आला की मी ते मशिन त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भोरला ऑक्सिजनची खाट मिळाली. सरांचीही तपासणी झाली. काडी त्यांनी निमूट घालून घेतली. काडीला टोक नसतं. ते निगेटिव्ह निघाले. आत सोडत नव्हते म्हणून नऊ दिवस दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली बसून राहिले. शिट्टी खिशात होती. मी एकदाही वाजलेली ऐकली नाही. लोक मास्क हनुवटीला लावून समोरून जात होते आणि सर त्यांच्याकडं नुसतं बघत होते.

सातव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा उघडला, बंद केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला सुईचं भ्या वाटतं रे."

"ठाऊक आहे, सर."

"कधीपासनं?"

"आठवीपासून. तुम्ही पावसात मैदान आखायला गेलात तेव्हापासून."

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. मग मास्क खाली ओढून, थेट शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मग बोलला का न्हाईस?"

 यावर एक उत्तर होतं, पण ते त्यांनीच शिकवलेलं होतं आणि त्या चिंचेखाली ते त्यांना ऐकवणं मला जमलं नाही. मी डबा घेतला आणि वेल्ह्याची एसटी धरली.

काकू घरी आल्या. दहा पावलं चालून थांबायच्या त्या आता चार पावलांवर थांबू लागल्या. आजारानंतर तीन महिने लस घेता येत नाही असं सांगितलं होतं, ते सरांनी फार काटेकोर पाळलं. गणपती उठल्यावर सिस्टर पुन्हा आल्या. एव्हाना लसीची ददात नव्हती, घेणाऱ्यांची होती. बहुतेकांचं उरकलं होतं आणि राहिलेल्यांतल्या निम्म्यांना टोचून न घेता नुसतं सर्टिफिकेट हवं होतं. सिस्टरनी सतरंजीवरची डोकी मोजली आणि म्हणाल्या, "नऊच आहेत. एका बाटलीत दहा डोस. दहा झाल्याशिवाय मी फोडणार नाही, उरलेलं फेकावं लागतं."

त्या नवांत काकू नव्हत्या, त्या भिंतीपाशी होत्या. सर नव्हते हे सांगायला नकोच. सर म्हणाले, "दहावा आणतो," आणि गावात सुटले. पारावर गेले, तिथल्या सगळ्यांचं झालं होतं. दुधाचा टेम्पो अडवला, ड्रायव्हरनं मोबाईलवर दोन्ही डोस दाखवले. पैलवानांना तिसरा घेशील का विचारलं. अर्धा तास शिट्टी गावभर ऐकू येत होती, आधी या आळीत, मग त्या आळीत, मग पार ओढ्याकडं. सतरंजीवरची माणसं हसायला लागली होती. घामाघूम होऊन सर एकटेच परत आले तेव्हा काकू भिंतीपाशी नव्हत्या. त्या ओळीत सगळ्यांत पुढं, पहिल्या जागेवर मांडी घालून बसल्या होत्या, आणि शेवटी बसलेला म्हातारा त्यांच्यासाठी जागा सोडून उठला होता, त्याचं आधीच नसरापुरात झालं होतं म्हणे, तो नुसता गर्दी म्हणून आला होता. सिस्टरच्या हिशेबानं पुन्हा नऊच.

काकूंनी श्वास घेतला आणि सावकाश म्हणाल्या, "आज म्या आदी बसले. धावं पान तुमचं हाय. बसा."

काकूंचं सरांना असं बोलणं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. सिस्टरनी काकूंना टोचलं, मग ओळीत तिघाचौघांना. मग कुणीतरी सरांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. सरांनी डोळे घट्ट मिटले आणि दातांत काहीतरी धरायला हवं म्हणून शिट्टी धरली. सुई आत गेली तशी ती वाजली. अशी लांब, अशी कर्कश, की मागं बसलेली सगळी ओळ सवयीनं ताडकन उठून उभी राहिली. अजून टोचायचे होते ते, टोचून झालेले ते, सगळे. सिस्टर ओरडल्या तेव्हा कुठं बसले. एकट्या काकू उठल्या नव्हत्या.

पुढच्या प्रजासत्ताकदिनाला सत्कार झाला. ग्रामपंचायतीत मजकूर लिहायला मलाच बसवलं. सर शेवटच्या बाटलीपर्यंत मागं थांबले, हे खरंच होतं. पाहुण्यांना आधी मान दिला, हेही खरं. सरपंच म्हणाले, 'स्वतः उपाशी राहून' घाला. मी घातलं. काकूंना पंचायतीच्या पायऱ्या चढवेनात म्हणून त्या खाली आवारातच बसल्या होत्या. टाळ्या त्यांना ऐकू गेल्या असतील.

आता ते सगळं लोक विसरलेत. एसटीत कुणी खोकलं तर मान वळत नाही. ताप आला तर वायरल असतो, काडीचं नाव निघत नाही आणि मास्क उरलेत ते फवारणीच्या वेळी लावायला. पैलवान अजून आहेत आणि आपण नाचणीमुळं वाचलो असं सांगतात. सरही आहेत. चव ते अजून आधीच बघतात, आचाऱ्याची तक्रार कायम आहे.

यंदा भैरोबाच्या यात्रेच्या भंडाऱ्याला मी गेलो होतो. पहिल्या पंगतीत, पाहुण्या बाप्यांच्या ओळीत, एका टोकाला काकू बसल्या होत्या. त्या दिवसानंतर त्या पहिल्याच पंगतीला बसतात. कुणी हरकत घेतली नाही आणि सरांनी तर नाहीच. मोठा घास घेतला की त्यांना धाप लागते, म्हणून त्या शितं वेचल्यासारख्या जेवतात. बाकीच्यांचं वीस मिनिटांत उरकलं. हात वाळले, पोरं चुळबुळायला लागली, पुण्याच्या एका पाहुण्यानं उठायला गुडघा टेकला. सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो परत मांडी घालून बसला. आठवीतल्यासारखा.

सर काकूंच्या पानासमोर उभे होते. हातात ताकाचा जग, शिट्टी दातांत. काकूंनी आमटी-भाताचा एक घास घेतला, थांबल्या, श्वास घेतला, दुसरा घेतला. सगळं गाव वाळल्या हातांनी बसून होतं.

"सावकाश," सर म्हणाले, आणि ते बोलायला त्यांना शिट्टी तोंडातून काढावी लागली.